सातवा ठिपका

मला 'बटन' म्हणणारा माणूस जगात एकच आहे. घरी मला 'अहो' म्हणतात, कंपनीत आडनावापुढे 'साहेब' लावतात आणि पाण्याची टाकी किती मिनिटांत भरते ते मी रोज भिंतीवर लिहितो म्हणून कॉलनीतली मुलं 'टाकीवाले काका' म्हणतात. 'बटन' म्हणतात ते फक्त अमरावतीचे आमचे सायकलवाले काकाजी. लोकांसमोर म्हणतात, मोठ्याने म्हणतात, आणि मी पन्नाशी ओलांडल्यावरही म्हणतात.

काकाजींचं दुकान आमच्या शाळेच्या रस्त्यावर होतं. टिनाचं छप्पर, पुढे सिमेंटचा ओटा, तासाने द्यायच्या नऊ सायकली, पंक्चर पाहायचं पाण्याचं घमेलं आणि बिस्किटांचा एक चौकोनी डबा. त्या डब्यात चोवीस कॉमिक्स होती. मी मोजलेली आहेत. पंचविसावंही होतं असं माझा एक वर्गमित्र अजून सांगतो, पण तो तेव्हाही असंच सांगायचा.

कॉमिक्स वाचायला काही द्यावं लागत नसे. नियम मात्र होते. समोरच्या नळावर हात धुवायचे, ते शर्टाला पुसायचे नाहीत, उन्हात वाळवायचे. पुस्तक घरी न्यायचं नाही. ओट्यावर बसूनच वाचायचं आणि पान दुमडायचं नाही. काकाजींचे स्वतःचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे असत, म्हणून ते पुस्तकाला बोट लावत नसत. पान उलटायला त्यांच्याकडे एक घासून पुसून ठेवलेला स्पोक होता. त्या स्पोकच्या टोकाने ते पान इतक्या अलगद उलटत की पुस्तकालाही कळत नसावं.

शेवटचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. वाचून झालं की घरी जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. प्रश्न चित्रावरचाच असे. हिरो कोण, खजिना कुठे सापडला, असलं ते कधीच विचारत नसत. जंगलातला घोडेस्वार दरीवरून उडी मारतो त्या चित्रात खालच्या झाडावर पक्षी किती? मुखवटेवाला गच्चीवरून गच्चीवर जातो तेव्हा मधल्या इमारतीच्या किती खिडक्यांत दिवा आहे? गुप्तहेर दार फोडतो तेव्हा मागच्या कुत्र्याचा कोणता पाय वर आहे? उत्तर बरोबर आलं तर काकाजी 'बरोबर' म्हणत नसत. शाबासकीही देत नसत. चाकातून मान वर न काढता म्हणत, "जा घरी." त्या दोन शब्दांसाठी आम्ही जीव टाकत असू.

उत्तर चुकलं तर शिक्षा. काकाजी खिशातून खडू काढून देत आणि ती चौकट पुस्तक न पाहता ओट्यावर काढायला लावत. पूर्ण काढल्याशिवाय घरी जायचं नाही. लोक मला विचारतात, तुम्हाला चित्रकलेची आवड कशी लागली. मी खरं तेच सांगतो. मला आवड कॉमिक्सची होती. चित्र काढणं ही माझ्यासाठी शिक्षा होती, आणि ती मला दोन वर्षांत एक्केचाळीस वेळा झाली. पहिल्या वर्षी एकोणतीस, दुसऱ्या वर्षी बारा.

त्यातली पहिली बटनाची. मी सहावीत होतो. दरोडेखोराच्या कोटाला बटनं किती, असा प्रश्न होता. मी चार सांगितली. कोटाला चार बटनं असतात हे मला माहीत होतं, वडिलांच्या लग्नाच्या कोटाला होती.

"तुह्या बापाचा कोट कोणं इचारला?" काकाजी म्हणाले. "चौथं तुटलं हाये. धागा लोंबून राहिला, दिसला नाही तुले?"

त्यांनी स्पोकने दाखवलं. खरंच, चौथ्या बटनाच्या जागी केसाएवढा धागा लोंबत होता. कुणीतरी चित्रकाराने तो मुद्दाम काढला होता, आणि तो पाहणारा माणूस अमरावतीत सायकलची चाकं सरळ करत बसला होता. मी दरोडेखोर काढला, धाग्यासकट. त्या दिवसापासून मी बटन झालो. बाकीच्यांचीही अशीच नावं होती. एक खिडकी होता, एक शेपूट. शेपूट आता नागपूरला दातांचा डॉक्टर आहे.

ओट्यावरची चित्रं काकाजी पुसू देत नसत. पंक्चर काढायला आलेली माणसं सायकल उचलून दरोडेखोराला वळसा घालून आत येत. एकदा एक मास्तर चुकून घोड्याच्या तोंडावर पाय देऊन गेले, तर काकाजींनी त्यांना परत पाठवून पलीकडून यायला लावलं. मास्तर आलेही. गावात दुसरा पंक्चरवाला दीड किलोमीटरवर होता.

एका कॉमिक्सचं शेवटचं पान नव्हतं. पुढे काय झालं, असं कुणी विचारलं की काकाजींना राग येई.

"काय होईन? हिरो जिंकते. हिरो त समदेच पायतात. मांगच्या झाडाचं काय झालं ते सांग."

हे वेड त्यांना कुठून लागलं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांचं लहानपण धामणगाव रेल्वे या गावात गेलं. स्टेशनवर पुस्तकांचा एक स्टॉल होता. पॅसेंजर येऊन थांबली की स्टॉलवाला गिऱ्हाइकांच्या गर्दीत सापडे, आणि तेवढ्या तीन मिनिटांत टोकाला उभं राहून एक पुस्तक पाहता येई. गाडी हलली की तो हाकलून देई. तीन मिनिटांत वाचून होत नाही. मग काकाजी अक्षरं सोडून देत आणि चित्रं डोळ्यांत भरून घेत. गोष्ट काय असेल ती घरी जाऊन, आडवं पडून लावत. पुढे मोठं झाल्यावर त्यांनी तीच पुस्तकं जुन्या बाजारातून एकेक करून जमवली आणि नीट वाचली, तेव्हा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे छापलेल्या गोष्टी त्यांनी लावलेल्या गोष्टींपेक्षा बेकार निघाल्या. चित्रं मात्र जशीच्या तशी होती.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, काकाजी, तुमी काहून नाही काढली चित्रं? त्यांनी दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले आणि म्हणाले, "कागद खराब होते."

त्यांचं पाहणं कॉमिक्सपुरतं नव्हतं. पॅडल पाहून ते सांगत की सायकलवाला कोणत्या पायाने लंगडतो. माझ्या लग्नाला आले, चार जिलब्या खाल्ल्या, आहेर म्हणून माझ्या मोटरसायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरून दिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, नवरीच्या मुंडावळ्यांना पदर किती. मला सांगता येईना. "बायको केली अन् पायली नाही," म्हणाले आणि खडू काढला. मंगल कार्यालयाच्या मागच्या फरशीवर, शेरवानी वर खोचून, मी माझ्या बायकोचं पहिलं चित्र काढलं. ती अजून म्हणते, त्या सगळ्या गर्दीत तुम्ही मला पाहिलंत का हे विचारणारा तो एकच माणूस होता. पदर तीन होते.

बारावीनंतर मी चित्रकलेची पदविका केली आणि अकोल्याला बियाण्यांच्या एका कंपनीत चित्रकाराच्या जागेसाठी गेलो. ती कंपनी आता त्या नावाने नाही. काम होतं पिकं, रोग आणि किडे यांची चित्रं काढायचं. परीक्षेला आम्ही नऊ जण होतो. काचेखाली एक जिवंत नाकतोडा ठेवला होता, तो दोन मिनिटं पाहायचा, मग त्यावर कापड टाकत आणि चित्र काढायला सांगत. आठ जणांची चित्रं माझ्यापेक्षा सुंदर होती. सगळ्यांनी नाकतोड्याला सहा पाय काढले होते. मी पाच काढले, कारण त्या नाकतोड्याचा मागचा डावा पाय तुटलेला होता. त्या धाग्याची मला आठवण झाली असं मी म्हणणार नाही. मला फक्त भीती वाटली की आता कुणीतरी खडू देईल.

अशी नोकरी लागली. पण कच्ची, अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की पुन्हा अकरा. असं चार वेळा झाल्यावर आमच्या विभागाच्या मॅडमनी मला कायम करण्याचा प्रस्ताव तयार केला आणि माझ्या कामाचा नमुना म्हणून त्याला माझा सगळ्यांत मोठा चार्ट जोडला. पिकांवरचे मित्रकीटक आणि शत्रुकीटक, एकूण चौदा. पाचशे प्रती छापल्या होत्या. तीनशे बारा प्रती अमरावती आणि अकोल्याकडच्या कृषी केंद्रांत लागल्या होत्या, एकशे अठ्ठ्याऐंशी गोदामात होत्या. तळाशी मोठ्या अक्षरांत एक ओळ होती, ती मीच सुचवलेली: 'आधी ठिपके मोजा, मग फवारा.' कारण वांग्याची पानं खाणाऱ्या किड्याच्या पाठीवर अठ्ठावीस ठिपके असतात, आणि त्याच्यासारखाच दिसणारा, पण पानांतला रस शोषणारा मावा खाऊन पीक वाचवणारा ढालकिडा असतो त्याला सात. घरी तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता आणि दर अकरा महिन्यांनी बायको विचारत असे, यंदा काय म्हणाले.

प्रस्ताव मॅडमच्या टेबलावर असतानाच एका मंगळवारी दुपारी व्हरांड्यातून आवाज आला, "बटन कुठं बसते?"

काकाजी आले होते. एसटीने, शंभर किलोमीटर. धुतलेला सदरा, हातात स्पोक. माझ्या माहितीप्रमाणे दुकान बंद ठेवून त्यांनी केलेला हा दुसरा प्रवास. पहिला माझ्या लग्नाचा. पाणी नको म्हणाले, बसायला नको म्हणाले. भिंतीवरच्या चार्टाकडे पाठ करून उभे राहिले आणि मला म्हणाले, उजव्या बाजूचा खालून दुसरा किडा, ठिपके किती.

"सात," मी म्हणालो.

"पाहून सांग."

मी पाहिलं. मोजले. पुन्हा मोजले. सहा होते.

कसं झालं ते मला तेव्हाच समजलं. ढालकिड्याच्या प्रत्येक पंखावर तीन ठिपके असतात. सातवा असतो मधोमध, मानेखाली, दोन्ही पंख जुळतात त्या रेघेवर. मी हिशेबी माणूस. मी आधी डावा पंख काढला, तीन ठिपके मोजले. मग उजवा काढला, तीन मोजले. मधला कोणत्याच पंखाचा नसल्यामुळे कोणत्याच मोजणीत आला नाही. आणि सातच असतात हे माहीत असल्यामुळे मी एकदाही सगळे मिळून मोजले नाहीत. शेजारच्या शत्रुकीटकाचे अठ्ठावीस मात्र अठ्ठावीस होते.

हे काकाजींना कळलं ते वलगावच्या एका भाजीवाल्याकडून. तो वांगी घेऊन अमरावतीला येताना पंक्चर झाला होता. चाक निघेपर्यंत त्याने सांगितलं की त्याच्या वांग्यावर लाल किडे होते, कृषी केंद्रातल्या चार्टावर मोजून पाहिलं, मित्र किड्याचे ठिपके सहा, याचे सात. म्हणजे हा मित्र नव्हे. त्याने फवारून टाकलं. मित्र मेले, आणि पाठोपाठ मावा आला तो गेलाच नाही. चित्राखाली बारीक अक्षरांत 'सात ठिपक्यांचा' असं छापलं होतं, पण तो भाजीवाला चित्र पाहणारा होता. मी लिहायला सांगितलं होतं तेच त्याने केलं होतं. मोजले होते.

"चित्र तुहं हाये हे मले पायताच समजलं," काकाजी म्हणाले. "पायाचे काटे न् काटे मोजून काढले होते. अन् मंधातच भोकसं." मग त्यांनी खिशातून खडू काढला. "शिक्षा तेच."

मी एकतीस वर्षांचा होतो. आजूबाजूच्या टेबलांवर सहा माणसं होती. पण तो खडू समोर आला की माझे गुडघे आपोआप वाकतात. मी व्हरांड्यात उकिडवा बसलो आणि फरशीवर ढालकिडा काढू लागलो. तीन, तीन, आणि मधला. तो काढत असतानाच मॅडम केबिनबाहेर आल्या. त्यांनी फरशी पाहिली, मला पाहिलं, स्पोक घेतलेल्या म्हाताऱ्याला पाहिलं, आणि हे काय चाललंय असं विचारलं.

मी गप्प बसू शकलो असतो. गावाकडचे पाहुणे आहेत, त्यांना किडा दाखवतोय, एवढं पुरलं असतं. काकाजी काहीच बोलले नाहीत. छपराकडे पाहत उभे होते. त्यांनी एक शब्द जरी काढला असता तरी मला राग आला असता आणि मी खोटं बोललो असतो. पण ते बोलले नाहीत, आणि खडू माझ्याच हातात होता.

"मॅडम, चार्टात एक ठिपका कमी आहे," मी म्हणालो.

मॅडम आत गेल्या, चार्टासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पाचशे छापलेत. पुन्हा छापायला कुणी मंजुरी देणार नाही. आणि एवढं मोजतं कोण?"

"वलगावचा एक मोजते," काकाजी पहिल्यांदा बोलले. "अन् हा मोजते. बाई, याच्याकडं दुसरं कायी नाही."

माझी इतकी नेमकी शिफारस आजवर कुणी केलेली नाही. मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. प्रस्ताव त्या पुढे पाठवणार होत्या, पण आता असा पाठवता येणार नाही म्हणाल्या. सगळे चार्ट जागच्या जागी दुरुस्त झाले, असं मी सहीनिशी लिहून दिलं की मग पाठवतील.

गोदामातले एकशे अठ्ठ्याऐंशी दोन दुपारांत झाले. उरले तीनशे बारा. इथे काकाजींचं कसब कामाला आलं. हाताने काढला तर ठिपका दर वेळी कमीजास्त होईल, म्हणून त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापला, त्याला किड्याच्या पाठीएवढा आकार दिला आणि बरोबर जागेवर चार मिलिमीटरचं भोक पाडलं. तो तुकडा चित्रावर चिकटून बसे, भोकातून मी काळ्या मार्करने ठिपका भरत असे, आणि काकाजी स्पोकने दाबून धरत. आठवडाभर मी कंपनीच्या गाडीबरोबर अकोल्याकडची दुकानं करत असे. रविवारी अमरावतीहून काकाजींना मागे बसवून त्या बाजूची. वलगाव, अंजनगाव सुर्जी, धामणगाव. दुकानदारांना वाटे आम्ही तपासणीला आलोय. एकाने घाबरून मुदत संपलेल्या औषधांची खोकी मागच्या दाराने बाहेर काढली. काकाजींनी किती खोकी होती तेवढं मला वाटेत सांगितलं.

मी एक वही केली होती. क्रमांक, दुकान, तारीख, आणि बरोबरची खूण. सात आठवड्यांत तीनशे अकरा खुणा झाल्या. राहिला एक, नेमका वलगावचा. तिथे मी तीनदा गेलो. दुकानदार म्हणाला, पोट्ट्याने तो कोणाले तरी देऊन टाकला, कोणाले ते त्याच्या ध्यानात नाही. एका खेपेला काकाजी बरोबर होते. त्या दिवशी ते दुकानात आलेच नाहीत. गाडी कोणी नेईल म्हणून उन्हात उभे राहिले. मला ते तेव्हा प्रेमाचं वाटलं.

मॅडम म्हणाल्या, तीनशे बारा लिहून टाका. मी लिहिलं, 'तीनशे अकरा दुरुस्त, एक सापडला नाही.' त्यांनी कपाळाला हात लावला. त्या एका वाक्याने प्रस्ताव दोन टेबलांवर अडकला, खुलासे मागवले गेले, मी ते दिले. चार महिने आणि सहा दिवस. त्या काळात बायकोने विचारणं बंद केलं, आणि ते विचारण्यापेक्षा जड होतं. मग एके दिवशी पत्र आलं आणि मी कायम झालो. अजून तेच काम करतो. अजून प्रत्येक किडा काढून झाला की आधी भाग मोजतो आणि मग सगळं मिळून मोजतो. ती वही माझ्याकडे आहे, तीनशे बाराव्या ओळीपुढची जागा कोरी आहे. मला कोरी जागा आवडत नाही.

गेल्या दिवाळीत मी अमरावतीला गेलो होतो. काकाजी आता आधार कार्डाप्रमाणे एक्क्याऐंशीचे आहेत, स्वतःच्या हिशेबाने त्र्याऐंशीचे. तासाने सायकल कुणी नेत नाही, पण दुकान ते रोज उघडतात. ओटा तोच आहे. हात मात्र आता स्वच्छ असतात, तरी पान ते स्पोकनेच उलटतात. मी म्हणालो, डबा दाखवा, किती वर्षं झाली. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि नळाकडे बोट केलं. मी हात धुऊन, वाळवून आलो.

चोवीस कॉमिक्स होती. त्यांच्या खाली घडी केलेलं एक जाड कागदाचं पुडकं होतं. उघडलं. चौदा किडे. तळाला ओळ, 'आधी ठिपके मोजा, मग फवारा.' मागे, पाठवताना शिसपेन्सिलीने माझ्याच अक्षरात लिहिलेलं: वलगाव.

मी ते अक्षर दोनदा वाचलं. मग म्हणालो, "काकाजी, याच्यापायी माझं कायम होणं चार महिने लांबलं."

"मंग झाला ना कायम."

"तुमी त माझ्यासंगं शोधून राहिले होते."

"म्या कुठं शोधला? म्या त बाहीर उभा होतो." त्यांनी चार्ट ओट्यावर पसरला. "तुले देल्ला असता त तू ठिपका मारला असता. मंग पोट्ट्यायले काय इचारलं असतं म्या? येते शायेतून, खालचं वाचते अन् सात म्हनते. न पायता. बरोबरची चित्रं डब्यात लय हायेत बावा. हे एकच असं हाये."

ओट्यावर मी नीट पाहिलं. खडूचे डाग होते. पुसट झालेले पंख, अर्धवट पाय, कुणाच्या तरी चपलेखाली गेलेले गोल. गेली कितीतरी वर्षं अमरावतीत कोणी ना कोणी शिक्षा म्हणून माझा ढालकिडा काढत होतं.

माझ्या खिशात काळा मार्कर असतोच. मी तो केव्हा काढला ते मलाही कळलं नाही. टोपण काढून चित्रावर वाकलो, तोच मनगटावर स्पोक आडवा आला. गार, हलका, पण हलला नाही.

"बटन," काकाजी म्हणाले. "ठिपके किती?"

मी मार्करचं टोपण लावलं. खाली वाकलो. डावीकडचे मोजले, उजवीकडचे मोजले, मग मधली रेघ पाहिली, आणि सगळे मिळून पुन्हा एकदा मोजले.

"सहा," मी म्हणालो.

काकाजींनी स्पोक उचलला आणि चार्टाची घडी घालू लागले.

"जा घरी," ते म्हणाले.